सुभेदार तानाजी मालुसरे आणि कोंडाण्याचा कडा

आमच्या शिवाजी पेठेंतील कोणत्याहि लहान मुलास कोंडाणा किल्ला मराठ्यांनीं कसा घेतला असें विचारावें. तो बहुधा घोरपडीपासून आरंभ करतो. तिचें नांव यशवंती होतें, तिच्या कंबरेस दोर बांधला होता, ती एकदां मागें फिरली आणि तानाजीनें धमकावल्यावर मग चढून गेली, हें सारें त्यास तोंडपाठ असतें. तानाजी मूळचा कोठचा, त्या रात्रीपूर्वीं त्यानें काय काय केलें होतें, कडा सर्वांच्या आधीं कोण चढलें, असें पुढें विचारलें तर मात्र तो गप्प बसतो. आणि खरें सांगावयाचें तर त्याच्या वडील मंडळींचीहि पुष्कळदां तीच अवस्था होते. यांत दोष मुलांचा नाहीं. शाहीर तुळशीदासाचा पोवाडा डफ-तुणतुण्यावर एकदां ऐकला म्हणजे दुसरें कांहीं ऐकावेसें वाटत नाहीं. ज्या पेठेच्या निवृत्ति चौकांत शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा उभा आहे आणि जेथें शिवजयंतीस पोवाड्यावांचून चालत नाहीं, तेथें असें व्हावें हें साहजिकच आहे. तथापि पोवाड्याशिवाय दुसरीहि एक जुनी हकीकत आहे. तिच्यांत घोरपड नाहीं, आणि आमच्या मतें तीच अधिक नवलाची आहे. तिच्या आधारें या थोर पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

मालुसरे हें घराणें मूळ जावळीच्या मुलुखांतलें असें परंपरा सांगते. तानाजीचें घर घाटाखालीं पोलादपूरजवळ उमरठे या गांवीं होतें. हें गांव आजच्या रायगड जिल्ह्यांत येतें. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून पाहावा. पूर्वेस महाबळेश्वर व प्रतापगड यांचे डोंगर भिंतीसारखे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशीं हा सारा चढउताराचा मुलूख पसरला आहे. येथें सपाट जमीन ती कितीशी? नाचणी-वरी पिकवावयाची ती डोंगराच्या उतारावर, गवत कापून आणावयाचें तें कड्याच्या टप्प्यांवरून, आणि मध काढावयाचा तो दोरानें लोंबकळून, आग्या मोहोळाच्या माशा अंगावर घेऊन. अशा ठिकाणीं वाढलेल्या मुलास खडक ओळखावयास कोणी शिकवीत नाहीं. त्याचे पायच तें शिकतात. शिवाजी महाराजांनीं मावळांतून व कोंकणांतून जीं माणसें जमविलीं तीं हीं. उत्तरेकडून आलेला मोंगल शिपाई घोड्यावर शूर होता, मैदानांत त्याचा हात धरणारे थोडे. पण कडा दिसला कीं रस्ता संपला असें तो समजे. मावळ्यास तसें वाटत नसे. या एका फरकावर पुढें अनेक किल्ल्यांचें भवितव्य ठरलें.

तानाजी लहानपणापासून महाराजांचा सोबती होता असें सांगतात. १६५९ सालीं अफझलखानाच्या प्रसंगीं प्रतापगडाखालच्या रानांत जे सरदार आपापल्या टोळ्यांनिशीं दबा धरून बसले होते त्यांत तो होता. १६६१ सालच्या कोंकणच्या स्वारींतील एक प्रसंग मात्र विस्तारानें सांगण्याजोगा आहे. कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यांत तो आला आहे. महाराज राजापुराकडे गेले असतां तानाजीस व पिलाजी नीळकंठराव या सरदारास त्यांनीं संगमेश्वरास ठेवलें होतें. शृंगारपूरच्या सुर्व्यानें रात्रीं अकस्मात् छावणीवर हल्ला केला. अंधार, शत्रूची संख्या अधिक आणि जिकडे तिकडे गडबड उडालेली. अशा वेळीं पिलाजीचें धैर्य खचलें व तो पळूं लागला. तानाजीनें त्यास गांठलें, हात धरून परत आणलें आणि दोरानें एका दगडास घट्ट बांधून टाकलें. मग आपण पुढें होऊन लढला व सुर्व्याचे लोक परतवून लावले. बिचाऱ्या पिलाजीस ती लढाई दगडास टेकूनच पहावी लागली असेल! पण थोडा विचार केला तर या गोष्टींत तानाजीचा सारा स्वभाव दिसतो. पळणाऱ्या सोबत्यास त्यानें मारलें नाहीं, त्याची अप्रतिष्ठा करून त्यास हांकलून दिलें नाहीं, आणि जाऊंहि दिलें नाहीं. भ्यालेल्या माणसास तेथेंच रोखून धरावें, म्हणजे त्याचीहि अब्रू राहते व फौजेचीहि, हें त्यानें त्या गर्दींत ओळखलें. नऊ वर्षांनीं कोंडाण्यावर त्याच्या भावावर असाच प्रसंग आला; तो पुढें येईलच.

१६६५ सालच्या जून महिन्यांत मिर्झा राजे जयसिंग यांच्याशीं पुरंदरचा तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले मोंगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यांत कोंडाणा होता. पुढल्या वर्षीं महाराज आग्र्यास गेले, तेथें अडकले आणि युक्तीनें सुटून आले, ही कथा सर्वांस ठाऊकच आहे. त्यानंतर तीन वर्षें त्यांनीं उघड युद्ध केलें नाहीं. १६७० च्या आरंभीं मात्र गेलेले किल्ले परत घेण्यास त्यांनीं हात घातला, आणि पहिला हात कोंडाण्यावर पडला. हें योग्यच होतें. पुण्यापासून नैर्ऋत्येस बारा-पंधरा मैलांवर असलेला हा किल्ला ज्याच्या हातीं, त्याची नजर पुणें प्रांतावर. आणि राजगडावरून, म्हणजे महाराजांच्या राजधानींतून, तो रोज डोळ्यांपुढें दिसावयाचा. आपल्या ओसरींतून दिसणाऱ्या आपल्याच शेतांत दुसऱ्याची नांगरणी चालावी, तसें तें होतें. मोंगलांतर्फे तेथें उदेभान हा रजपूत किल्लेदार होता. तो शूर व सावध होता.

सिंहगड हें नांव तानाजीच्या मृत्यूनंतर पडलें अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. १६७० पूर्वींच्या कागदांतहि तें नांव आढळतें. या समजुतीनें तानाजीचा मान वाढतो असें नाहीं आणि ती सोडल्यानें कमीहि होत नाहीं.

आतां ती जुनी हकीकत. कृष्णाजी अनंत सभासद यानें तानाजीच्या मृत्यूनंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, जिंजीच्या किल्ल्यावर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, शिवाजी महाराजांचें चरित्र लिहिलें. तींत तो सांगतो कीं, हजार मावळ्यांचा सरदार असलेल्या तानाजीनें कोंडाणा घेण्याचें आपण होऊन कबूल केलें, वस्त्रें व विडे घेतले आणि पांचशें माणूस बरोबर घेऊन तो गडाखालीं गेला. मुलगा रायबा याचें लग्न बाजूस सारून तानाजी निघाला हा भाग पोवाड्यांतला आहे. तो खरा असो वा नसो, त्यानें महाराष्ट्रांतील कितीक आईबापांच्या डोळ्यांत पाणी आणलें आहे. सभासद लग्नाविषयीं बोलत नाहीं; तो सरळ कड्याशीं येतो. आपणहि तेथेंच जाऊं.

कोंडाणा समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० फूट उंच आहे. वर जाण्यास दोन वाटा, एक पुणे दरवाजाची आणि दुसरी कल्याण दरवाजाची. बाकी सर्व बाजूंस कडा. ज्या बाजूनें तानाजी चढला ती पश्चिमेची असें परंपरा सांगते, आणि तेथल्या कड्यास आज तानाजी कडा असेंच म्हणतात. त्या कड्याचा दगड कसा आहे हें समजल्यावांचून त्या रात्रीचें काम समजावयाचें नाहीं. सह्याद्रीचा हा काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनींतून वर आलेल्या तप्त रसाचा झाला आहे. रस एकदांच आला नाहीं. थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थर थंड होतांना आकसला आणि त्यास उभ्या चिरा पडल्या. दोन थरांमधला मऊ भाग वाऱ्यापावसानें झिजला आणि तेथें अरुंद टप्पे तयार झाले, ज्यांवर आज गवत वाढतें. म्हणून आमच्या डोंगरांचे कडे एकसंध नसतात. उभी भिंत, मग हातभर टप्पा, पुन्हां उभी भिंत, पुन्हां टप्पा, अशी त्यांची रचना असते. कोल्हापुराहून पन्हाळ्यास जातांना गडाच्या बाजूंकडे नीट पाहिलें तर अशीच रचना तेथेंहि डोळ्यांस दिसते.

अशा भिंतीवर माणसास आधार मिळतो तो चिरांचाच. चीर बोटाएवढी असेल तर बोटें आंत खुपसून तीं वळवावयाचीं. हाताएवढी असेल तर पंजा आंत घालून मूठ आवळावयाची, म्हणजे मूठच खुंटीसारखी बसते. पायाएवढी असेल तर पाऊल आडवें घालून मग उभें फिरवावयाचें. वजन पायांवर ठेवावयाचें, हात नुसते तोल राखण्यास. चीर जर संपली किंवा मातीनें भरली असली तर बोटांनीं ती उकरून काढावयाची, आणि उपटलेल्या गवतावर कधींहि भरंवसा ठेवावयाचा नाहीं. असें करीत एक टप्पा गांठावा, तेथें दम खावा, मग पुढचा टप्पा. जो मागून येतो त्यास वरून सोडलेला दोर असतो. तो घसरला तरी लोंबकळतो. जो पहिला जातो त्याच्या वर कांहीं नसतें. हल्लींचे गिर्यारोहक चिरेंत धातूच्या पाचरी बसवून त्यांत दोर अडकवितात आणि मागचा माणूस त्या काढून घेत वर येतो. त्यामुळें पहिल्याचाहि धोका बराच कमी झाला आहे. १६७० सालीं सह्याद्रींत ही सोय नव्हती. पहिल्या माणसाच्या हातून एक मूठ सुटली कीं काम संपलें. आणि दगड खडखडला कीं खालच्या सर्वांचेंहि संपलें.

सभासद सांगतो कीं, असे दोन मावळे निवडून काढले. रात्रीं ते दोघे वानरासारखे कडा चढून गेले आणि वर पोंचल्यावर त्यांनीं खालीं माळ सोडली. माळ म्हणजे दोराची शिडी. तिच्यावरून तानाजीसुद्धां तीनशें माणूस गडावर चढलें.

एवढेंच त्याचें वर्णन. त्या दोघांचीं नांवें तो देत नाहीं.

ती रात्र माघ वद्य नवमीची, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० ची. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. तेव्हां अर्धी रात्र पूर्ण अंधाराची होती. अंधारांत चढणाराला चीर दिसत नाहीं, ती चांचपूनच शोधावी लागते. माघांतल्या थंड रात्रीं दगड गार असतो आणि बोटें बधिर होतात. खोकतां येत नाहीं, हांक मारतां येत नाहीं. वरच्यास खालचा दिसत नाहीं आणि खालच्यास वरचा जिवंत आहे कीं नाहीं हेंहि कळत नाहीं. पायथ्याशीं पांचशें माणसें श्वास रोधून वर पाहत उभीं आहेत, आणि त्यांच्यांत हजार लढायांची गोष्ट सांगणारा तानाजीहि त्या घटकेस कांहींएक करूं शकत नाहीं. स्वराज्याचें त्या रात्रीचें सारें काम दोन माणसांच्या मुठींत होतें, अगदीं शब्दशः. मग अंधारांतून दोराचें टोंक खालीं आलें असेल तेव्हां त्या पांचशांस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

तानाजीची थोरवी येथें कमी होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. हजार मावळ्यांतून हेच दोघे निवडणें, त्यांच्या हातीं सर्व सोंपवून आपण खालीं उगीच उभें राहणें, आणि मग माळ आली कीं मागें न राहतां त्या तीनशांत आपणहि चढणें, हें मोठ्या सरदाराचेंच काम आहे. गडाखालीं राहून हुकूम सोडले असते तर त्यास कोणीं नांवें ठेवलीं नसतीं.

घोरपडीची गोष्ट मग आली कोठून? घोरपड कपारींत शिरून अंग फुगवते व तेथें घट्ट बसते, हें खरें आहे. डोंगरांतील लोकांस तें चांगलें ठाऊक असतें. पण पूर्ण वाढलेल्या घोरपडीचें वजन तें किती, आणि माणूस कोठें! शिवाय ती मनुष्याच्या सोयीच्या जागीं थांबेल हा भरंवसा कोणीं द्यावा? ही गोष्ट कोंडाण्याच्या आधींहि सांगितली जात होती असें दिसतें. मुधोळच्या घोरपडे घराण्यांत अशी आख्यायिका आहे कीं, बहामनी वजीर महमूद गवान यानें पंधराव्या शतकांत खेळणा किल्ला घेतला तेव्हां त्यांच्या पूर्वजानें घोरपडीस दोर बांधून कडा सर केला आणि त्यावरून घोरपडे हें आडनांव पडलें. खेळणा म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतला विशाळगड. एका गडावरची घोरपड दुसऱ्या गडावर गेली असावी. लोकांस कडा चढणारा माणूस दिसला नाहीं, अंधार होता; तेव्हां त्याची जागा यशवंतीनें घेतली. तिला निदान नांव तरी मिळालें.

असें इतर देशांतहि घडलें आहे, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. युरोपांतील आल्प्स पर्वतांत शामोनी गांवाच्या वर ग्रेपाँ नांवाचें एक सुळक्यासारखें शिखर आहे. १८८१ सालीं आल्बर्ट ममरी हा इंग्रज गृहस्थ दोन वाटाड्यांसह त्यावर प्रथम चढला. त्या वाटेवरील सर्वांत कठीण जागा म्हणजे खडकांतील एक उभी चीर. तिला आज सर्व जग ममरीची चीर म्हणून ओळखतें. पण त्या दिवशीं चिरेंतून पहिला चढला तो ममरी नव्हे. त्याचा वाटाड्या बेनेडिक्ट वेनेट्झ हा चढला, आणि ममरी त्याच्या मागून गेला. ममरी हा स्वतः उत्तम चढणारा होता, व हिमालयांतील नंगा पर्वतावर १८९५ सालीं दोन गुरखा सोबत्यांसह तो नाहींसा झाला. त्याच्या कीर्तीस बाध येण्याचें कारण नाहीं. तरी वेनेट्झचें नांव घेणारे थोडे. आमच्या दोघां मावळ्यांची गत त्याहून वाईट. त्यांचें नांव घेऊं म्हटलें तरी घेतां येत नाहीं.

असो. तीनशें माणूस वर गेलें आणि उदेभानास सुगावा लागला. सभासदानें वर्णन केलें आहे तें असें : बाराशें रजपूत कंबर बांधून, मशाली व चंद्रज्योती पेटवून, बंदुका, तीर व भाले घेऊन चालून आले. मावळे संख्येनें चौथा हिस्सा, पाठीमागें कडा. मोठी लढाई झाली व पांचशें रजपूत पडले. शेवटीं तानाजी आणि उदेभान यांची समोरासमोर गांठ पडली. एकमेकांवर घाव घालतां घालतां तानाजीच्या डाव्या हातांतील ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाहीं. तेव्हां त्यानें डावा हातच ढालीसारखा पुढें केला, त्यावर वार झेलले आणि उजव्या हातानें तरवार चालविली. दोघेहि त्याच ठिकाणीं पडले. बखरींतील हे आकडे जसेच्या तसे धरूं नयेत असें आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों. बखरकारांस मोठ्या आकड्यांची आवड असते. पण एक हात ढाल केल्याची गोष्ट त्यांनीं आपल्या मनांत खुशाल ठेवावी.

सरदार पडल्यावर फौजेचा धीर सुटावा हा त्या काळचा नेम. पोवाडे व लोककथा सांगतात कीं, मावळे कड्याकडे धांवले तेव्हां परतीचे दोर कापून टाकलेले त्यांस दिसले. सभासद दोर कापल्याचें म्हणत नाहीं. तो इतकेंच सांगतो कीं, तानाजीचा भाऊ सूर्याजी यानें हिंमत धरली, सर्व लोक सांवरले आणि उरलेल्या रजपुतांशीं लढून गड घेतला. संगमेश्वरास पिलाजीस दगडाशीं बांधणाऱ्याचा हा भाऊ, तेव्हां दोर असो नसो, माणसें कशीं रोखावीं हें त्यानें घरींच पाहिलें होतें. कित्येक रजपुतांनीं कड्यावरून उड्या टाकल्या आणि ते मेले. तेहि शूरच होते; परमुलुखांत, धन्याच्या मिठास जागून मेले. त्यांच्या बायकामुलांनीं त्यांची वाट दूर राजपुतान्यांत पाहिली असेल, हें विसरूं नये.

गड हातीं आल्याची खूण म्हणून पागेचीं घरें पेटवून दिलीं. तो उजेड महाराजांनीं राजगडावरून पाहिला व गड फत्ते झाला हें ओळखलें. तानाजी पडल्याची खबर मागाहून जासुदांनीं आणली. अंतर थोडें नव्हे. उजेड दिसल्यापासून जासूद येईपर्यंत कित्येक घटका महाराज आनंदांत असतील. मग त्यांस कळलें. त्यांनीं फार शोक केला, सूर्याजीस भावाची सुभेदारी दिली आणि लढलेल्या लोकांस सोन्याचीं कडीं, वस्त्रें व पुष्कळ द्रव्य बक्षीस दिलें. ते दोघे जिवंत राहिले असतील तर त्यांच्याहि हातांत कडीं आलीं असतील, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली आहे.

कोंडाणा आल्यावर युद्धाचें पारडें फिरलें. महिनाभरानें, ८ मार्च १६७० रोजीं, पुरंदरहि परत आला. आणि तीन वर्षांनीं अशीच एक रात्र आमच्या उशापाशीं उगवली. पन्हाळा तेव्हां विजापूरकरांकडे होता. १६६६ च्या जानेवारींत महाराजांनीं स्वतः मोठी फौज घेऊन त्यावर रात्रीं हल्ला केला होता, तो फसला व बरीच माणसें कामास आलीं. ६ मार्च १६७३ च्या रात्रीं कोंडाजी फर्जंद हा अवघे साठ लोक घेऊन कड्यानें वर चढला. कर्णे फुंकून त्यानें एवढा गोंधळ उडविला कीं, साठ माणसें किती आहेत हेंच गडकऱ्यांस समजेना. किल्लेदार मारला गेला आणि पन्हाळा मिळाला. जयराम पिंड्ये या कवीनें लागलीच संस्कृतांत त्यावर काव्य रचलें. ही रात्रहि वद्य पक्षांतलीच होती. मोठ्या फौजेस जें साधलें नाहीं तें साठांस साधलें, याचें कारण कोंडाण्यानें घालून दिलेला पाठ हें असावें असें आम्हांस वाटतें. आमच्या शाळेंतील मुलें सहलीस पन्हाळ्यावर जातात, तीं मोटारीनें थेट वर जातात. त्यांनीं एखादे वेळीं तटाखालच्या कड्याकडे वांकून, पण शिक्षकांचा हात धरून, पहावें.

करवीरकरांचा सिंहगडाशीं आणखी एक संबंध आहे. तानाजी पडल्यापासून वीसच दिवसांनीं, २४ फेब्रुवारी १६७० रोजीं, राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. ज्यांच्या आज्ञेनें सभासदानें ही हकीकत लिहून ठेवली तेच हे. पुढें १७०० सालच्या मार्चांत त्यांचें देहावसान सिंहगडावरच झालें, आणि त्यांच्या राणी ताराबाई यांनीं १७१० सालीं आपल्या मुलाच्या नांवें या करवीर राज्याची वेगळी गादी उभी केली. राजारामांची समाधि व तानाजीची समाधि दोन्हीहि त्याच गडावर आहेत.

तानाजीचा देह मात्र गडावर ठेवला नाहीं असें सांगतात. मावळ्यांनीं तो पालखींत घालून राजगडास नेला व तेथून कोंकणांत उमरठ्यास नेण्यासाठीं तोरण्याच्या पलीकडे असलेल्या एका घाटानें खालीं उतरविला. त्या घाटास आज मढे घाट म्हणतात. तेथला उतार फार उभा आहे. रिकाम्या हातांनींहि जपून उतरावें लागतें.